आनंदा मास्तरच्या नळ्या साफ होत्या

फोन आला तेव्हा मी मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याशी ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कापडाच्या भावावरून भांडत होतो. "शेठ, मास्तर पडले. बीम चढवताना." सुतानं भरलेला बीम दोघा-तिघांनी उचलून लूमवर बसवावा लागतो, लूम सांभाळणारा आमचा मास्तर आनंदा त्याचं एक टोक नेहमी स्वतः धरायचा. मी सुरतेत अमरोलीच्या आमच्या यंत्रमाग कारखान्यावर पोचेपर्यंत त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. बावन्न वर्षांचा होता.

त्याला सहा आठवडे झाले. मी रडगाणं गायला बसलेलो नाही. कोसाडला त्याच्या सोसायटीत त्याच्याबद्दल जे बोललं जातंय ते खोटं आहे, आणि खोटं मी बाजारातही ऐकून घेत नाही. भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं वत्सलावहिनींच्या तोंडावर म्हटलं, "ब्लॉकेज नव्हतं म्हणता, मग अटॅक कसा? चोरून पीत असेल. नाहीतर घरात कटकट." नवरा जाऊन चार दिवस झालेली बाई खाली मान घालून बसली. मी त्या माणसाला दंडाला धरून जिन्यापर्यंत पोचवला.

तर नीट ऐका. हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्या हृदयाच्या वरून जातात. आनंदाची एक नळी जन्मापासूनच थोडं अंतर स्नायूच्या आतून जात होती. हृदयाचा ठोका पडला की स्नायू आवळायचा आणि नळी दाबली जायची. पुष्कळांना असं असतं आणि आयुष्यभर काही होत नाही, असं तो गेल्यावर हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. आनंदाला झालं. यात दारू नाही, तंबाखू नाही आणि वहिनींचा तर काडीचा संबंध नाही.

आम्ही दोघं अमळनेरकडच्या एकाच गावचे. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आलो, एका खोलीत पाळीपाळीनं झोपलो. तुटलेला धागा जोडायला त्यानं मला शिकवलं. माझे हात त्या कामाला जाड, तोंड मात्र चालायचं. म्हणून मी कापड विकायला लागलो. पुढे आठ जुने लूम घेतले तेव्हा पहिला माणूस आनंदा घेतला. शेठ आणि मास्तर हे फक्त कारखान्यात. बाहेर पडलो की अहिराणीत एकमेकांना यथेच्छ शिव्या...

दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं. मीच अँजिओग्राफी करायला लावली. डॉक्टर म्हणाले, "नळ्या साफ आहेत. पण..." मी खुर्चीवरून उठलोच. माल चांगला आहे हे कबूल करून समोरचा 'पण' म्हणाला, की तो काहीतरी जास्तीचं गळ्यात मारतोय, हे मी बाजारात शिकलोय. डॉक्टर बोलत राहिले... स्नायू, रोजची गोळी, जोराचं काम नको. मी म्हणालो, "साफ आहे ना? झालं तर मग!" कारखान्यात पेढे वाटले. रस्त्यात त्यानं गोळ्यांबद्दल विचारलं होतं, "भाऊ, गोया लेऊ का नको?"

"समदं साफ शे, मंग गोई कसाले?"

तो हसला. मला वाटलं, पटलं त्याला.

त्या डॉक्टरांवर माझा राग अजून आहे. त्यांनी मला ओरडून खाली बसवायला हवं होतं. मी एका जिवाचा सौदा अर्धा ऐकून उठलो आणि त्यांनी मला जाऊ दिलं.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. म्हणालो, "लोकांना उत्तर मी देतो. पण गोळी मी सोडायला लावली, हे तुम्हाला माहीत पाहिजे."

वहिनी म्हणाल्या, "तुमचं ऐकून नाही सोडली, भाऊजी. आठ महिने घेतली, तुमच्यापासून लपवून. गोळीनं अंग ढिलं पडायचं. बीमला हात लावला की तुम्ही ओरडायचात, 'काय रे, म्हातारा झाला का?' मग सोडली."

"मला सांगायचं ना त्यानं!"

"तुम्हाला? तुम्ही कोणाचं शेवटपर्यंत ऐकता?"

आवाज न चढवता त्या पुढे म्हणाल्या, "तिसऱ्या लूमजवळ त्यांचं स्टूल आहे ना, तिथं बसून दम घ्यायचे, तुमची नजर चुकवून."

त्या स्टुलावर आनंदा डोळे मिटून, लूमच्या चौकटीला तळवा टेकवून बसायचा. गिऱ्हाईक आलं की मी मिरवायचो, "आमचा मास्तर नुसत्या आवाजावरून बिघाड पकडतो." आनंदानं कधी माझं बोलणं खोडलं नाही.

स्टूल अजून कोणी हलवलेलं नाही, त्यावर कोणी बसतही नाही. सोमवारी आठही लूम चालू असताना मी बसलो. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. तिथून बिघाड वेगळा असा काही ऐकू येत नाही. डोळे उघडले की माझ्या केबिनचं दार तेवढं नीट दिसतं.