बसवलेली बेंबी

एरंडेलाचा वास आला की अजून माझ्या तोंडात शिवी येते. लहानपणी पाथर्डीजवळच्या आमच्या गावात, ऐन उन्हाळ्यात, माझं पोट आधी बेंबीपाशी दुखलं, मग दुखणं उजवीकडे खाली उतरलं. ताप चढला, उलट्या झाल्या. "बेंबी सरकलीया, चोळली की बसंल," म्हणत आत्याने पोट चोळणारी बाई बोलावली. आईने माझे पाय धरले आणि त्या बाईने कोमट एरंडेल लावून नेमकं दुखरं ठिकाणच रगडलं. मी किंचाळले तर म्हणाली, "बसतीया बघा जागंवर!" जीपने नगरला नेईपर्यंत पोट लाकडासारखं कडक झालं होतं. ऑपरेशननंतर सर्जन आईवर कडाडले, "सुजलेलं अपेंडिक्स चोळायचं असतं का? आत फुटून पोटभर पू झाला होता! वेळेवर आणली असती तर छोट्या छेदावर भागलं असतं." घरी आल्यावर आत्याने त्याच बाईची खणानारळाने ओटी भरली: "हिनं बेंबी बसवली म्हनून पोर वाचली." परवा माझ्या भाचीचं पोट दुखतंय म्हणून गावाहून आत्याचा फोन आला, आणि मागून कुणीतरी तेल कोमट करायला सांगत होतं. मी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला, कुर्ता वर केला आणि पोटावरचा तो उभा, वेडावाकडा व्रण आत्याच्या तोंडासमोर धरला. "ही बघ तुझी बसवलेली बेंबी! तेल ठेव खाली आणि आधी जीप बोलाव."