सोनारीची म्हैस आणि उन्हाचं माप

सोनारीत पोहोचून दहा मिनिटं झाली नाहीत, तोच काळभैरवाच्या देवळातल्या एका माकडानं माझा राखाडी पुठ्ठा पळवला. फोटो काढण्याआधी उन्हात धरून प्रकाश मोजायचा तो पुठ्ठा. माकडानं चावून पाहिला आणि शिखरावर टाकून दिला. रागाच्या भरात मी रिळातले पस्तीस फोटो त्या माकडावरच उडवले. एक उरला.

गावाबाहेरच्या वस्तीवर पाणी मागायला थांबलो. अंगणात सत्यभामाकाकू म्हशीला पेंड चारत होत्या. लेकीला बाळ झालेलं, म्हणून म्हैस दुसऱ्या दिवशी तिच्या सासरी बार्शीकडे निघणार होती. काकूंनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. एक काळा डाग, त्याला दोन शिंगं.

"तोंडच दिसत न्हाय हिचं," त्या म्हणाल्या. "तेवढं येऊ द्या, दादा."

मी छाती फुगवून समजावलं. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर भोळा. ज्याच्यावर रोखाल ते मधल्या रंगाचंच आहे असं धरून चालतो. म्हणून काळ्यावर रोखायचं नाही, पांढऱ्यावरही नाही. आसपास मधलं काहीतरी शोधायचं. पुस्तकात हिरवं गवत सांगतात, पण इथं मे महिन्यात गवत कुठलं? खाली काळं रान, बाजूला डोळे दिपवणारा कडबा (ज्वारीची वाळलेली ताटं). म्हैस मात्र डबक्यात लोळून वाळलेली, अंगावर थेट माझ्या पुठ्ठ्याच्या रंगाचा चिखल. हिच्याच पाठीवरून माप घेतो म्हणालो आणि ओसरीवर चहाला बसलो.

चहा संपवून बघतो तर म्हैस धुतलेली, वर तेल चोळून काळीभोर चकचकीत. फोटोला लेकरू न धुता उभं करायचं का, असा काकूंचा सवाल. मी कपाळावर हात मारून घेतला.

चिखलच हवा होता हे कळल्यावर काकूंनी डबक्यातला गाळ आणला आणि फोटोसाठी पांढराशुभ्र सदरा घालून आलेल्या काकांच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या, हाताला कोपरापर्यंत लिंपला. ओला गाळ काळा दिसतो. तो वाळेपर्यंत काका हात वर करून उन्हात उभे. रस्त्यानं जाणारे दोन मोटारसायकलवाले तर त्यांचा हात बघून थांबलेच.

माप मिळालं, तरी अडचण उरली. म्हशीचं काळं तोंड उठून यायचं तर त्याहून जास्त प्रकाश आत घ्यावा लागणार, आणि मग पांढऱ्या कपड्यांतले काका उन्हात विरून जाणार. फोटो तर एकच. मी काकूंना विचारलं, म्हैस की काका?

"म्हस," काकू लगेच म्हणाल्या.

"बरोबर हाय," काका म्हणाले. "म्या कुठं चाललोय?"

घरी येऊन रीळ धुतलं. म्हशीच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. काकांचा सदरा, धोतर, टोपी सगळं गायब. चेहरा आणि गाळाचा हात तेवढे हवेत तरंगत होते. मी एकटाच खो खो हसलो. फोटो चौकटीत घालून पाठवला आणि आठवड्यानं फोन केला.

"लई झ्याक आलंय तोंड," काकू म्हणाल्या. "धारंच्या टायमाला म्या रोज फोटोपुढं उभी ऱ्हाती. हात फिरवला तर काच गार लागती."

माप चुकलं नाही म्हणून मी आठवडाभर खुशीत होतो. फोन ठेवल्यावर ती खुशी थोडी उतरली.