तळाशी ठेवलेला दाखला

धाराशिवच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीत वनमालाताईंचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. त्या मूळच्या तुळजापूरच्या. आवाज चढा, पण कुणाला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवणं त्यांच्या जिवावर येतं. समोरच्या माणसाच्या पिशवीतून जो कागद आधी निघेल, त्याचा रकाना त्या आधी भरतात. तो पुढचा कागद हुडकत असतो, तोवर यांचं काम पुढं गेलेलं असतं.

त्या दिवशी मात्र त्यांचं डोकं फिरायची वेळ आली होती. समोर बसले होते तेरजवळच्या वस्तीवरचे बिराप्पा आणि त्यांची लेक करिश्मा. तिला धाराशिवला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पण आईबाप वर्षातले कित्येक महिने मेंढरांमागं फिरणारे. वसतिगृह मिळालं तरच तिचं शिक्षण. त्या अर्जाचा आज शेवटचा दिवस. आणि वसतिगृहाचं नाव भरून ‘जतन करा’ दाबलं, अर्ज पुन्हा उघडला, की तो रकाना पांढराफटक! तेवढाच रकाना दुरुस्त करायची सोय नाही, अख्खा अर्ज पहिल्यापासून भरायचा.

“काय मेलं हे! किती वेळा तेच तेच भरायचं?” ताईंनी माउस आपटला.

“मशिन तापलं आसंल ताई. जरा इसावा द्या त्येला,” बिराप्पा म्हणाले.

“मशिन गार आहे मामा, तापलेय मी!”

त्यांनी संगणक बंद करून चालू केला. दुकानाचं नेट सोडून मोबाइलचं जोडलं. ब्राउझर बदलला. शेवटी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळं शांतपणे ऐकलं आणि “अर्ज नीट भरा” म्हणून फोन ठेवला.

“नीट भरा म्हणे! आम्ही काय डोळे मिटून भरतोय?”

“त्यो येक रकाना ऱ्हाऊ द्या की मग,” बिराप्पा चाचरत म्हणाले.

“आणि पोरीनं राहायचं कुठं? स्टँडवर?”

करिश्मानं मान खाली घातली. ताईंना आपल्याच जिभेचा राग आला. “इकडं ये गं, माझ्याशेजारी बस,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी पान इतकं बारीक केलं की वरपासून खालपर्यंतचे सगळे रकाने एकदम दिसू लागले. “मी एकेक भरते. तू वसतिगृहावरून नजर हलवू नकोस.”

पुन्हा सुरुवात झाली. पासबुक, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, मग वसतिगृह. नाव जागेवरच होतं. सर्वांत शेवटी बिराप्पांनी पिशवीच्या तळातून फडक्यात बांधलेला, वर प्लास्टिक गुंडाळलेला जातीचा दाखला काढला. ताईंनी वरच्या रकान्यात प्रवर्ग निवडला.

“गेलं! मॅडम, आत्ता गेलं!” करिश्मा ओरडलीच.

ताईंनी पुन्हा करून पाहिलं. तेच! प्रवर्ग निवडला की खालची वसतिगृहांची यादी नव्यानं येत होती आणि आधी निवडलेलं नाव गुपचूप पुसलं जात होतं.

“मामा, हा कागद दर वेळी शेवटीच का काढता हो?”

“मोलाचा हाय न्हवं. मोलाचं तळालाच ठिवावं लागतंय.”

“आणि ह्या अर्जवाल्यांना तो पहिला पाहिजे! मग तसं एका ओळीत लिहायला ह्यांचं काय जातं?” ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. “आणि मीही शहाणी! येईल तो कागद भरत बसले.”

आता आधी प्रवर्ग, मग वसतिगृह. जतन केलं, अर्ज पुन्हा उघडला.

“वाच,” ताई म्हणाल्या.

करिश्मानं वसतिगृहाचं नाव आधी मनाशी वाचलं, मग बापाला ऐकू जाईल असं मोठ्यानं. ताईंनी अर्ज पाठवला आणि पोचपावती छापून तिच्या हातात दिली.

बिराप्पांचा अजून भरवसा बसेना. “आता तरी पांढरं न्हाय ना व्हायचं?”

“झालं तर पोरगी माझ्या घरी राहील,” ताई फणकारल्या. “उठा आता, नाहीतर बस चुकेल.”