अर्ध्या काळ्या काचेतला समुद्र

पवनारच्या अनुसयाबाईंबद्दल लक्ष्मणरावांना खरं तर फारसं ठाऊक नव्हतं. दोघांच्या घरांमध्ये एक तारेचं कुंपण, तरी बाईंचं माहेर अल्लीपूरचं हे त्यांना बाई गेल्यावर कळलं. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली, पण बोलणं म्हणजे ‘पुढे सरका’ आणि ‘सुटे द्या’. निवृत्तीनंतर तेही उरलं नव्हतं. त्यामुळे त्यांना ठाऊक असलेल्या अनुसयाबाई म्हणजे भाजीची वाडी, मोठा आवाज आणि गळ्यातला कॅमेरा, एवढंच.

कॅमेरा मूळचा मुलाचा. किशोरचा सिंदी मेघेत फोटो स्टुडिओ होता. त्याने नवा घेतला आणि जुना कपाटात पडला, तो बाईंनी उचलला. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून बाजाराला रवाना झाल्या की त्या धाम नदीच्या पात्राकडे निघायच्या. लोक हसले. बाईंनी हसणाऱ्यांचे फोटो काढून त्यांनाच दाखवले. मग हसणं कमी झालं.

किशोरच्या स्टुडिओत समुद्राचा रंगवलेला पडदा होता. कितीतरी जोडपी त्याच्यापुढे उभी राहून गेली. बाईंना मात्र त्यातल्या लाटा खुपायच्या. “हे पाणी हाये का बर्फाची लादी?” त्यांना पाणी चालतं दिसायला हवं होतं. सांजेला धारेखालचं पाणी फोटोत धुरासारखं दिसतं, हे त्यांनी नदीवर करून पाहिलं होतं.

तेवढ्यात भजनी मंडळाची बस कोकणात जायची ठरली. ठरवणारे महादेवराव, मंडळाचे प्रमुख. बाईंनी नाव दिलं आणि घरी सांगितलं, समुद्राचा फोटो मी स्वतः काढून बैठकीत लावणार.

“माय, मोबाईल ने न,” किशोर म्हणाला. “कॅमेऱ्याचं ओझं काऊन वागवतं? गिऱ्हाईक आलं हाये त्याले. देऊन टाकतो.”

“समुद्राचा फोटो जमला नाई तं देजो. जमला तं पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढू नको. अन् तुह्या कॉम्प्युटरले हात लावणार नाई मी.”

किशोरने हसत कबूल केलं आणि तीन काचा आईपुढे ठेवल्या, भिंगावर बसवायच्या. एक फिरवली की पाण्यावरची चमक मारणारी. एक पुरी काळी. ती लावली की उजेड इतका कमी आत जातो, की कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवता येतो आणि पाण्याचा धूर होतो. तिसरी वरून काळी, खालून साधी. झगझगीत आभाळ दाबायला.

“हे अर्धी राहू दे, माय. आता आभाळ वेगळं काढतात, पाणी वेगळं काढतात, अन् मंग जोडतात.”

“जोडलेलं मले नाई पाह्यजे.”

काचा पारखायला बाई नदीवर गेल्या. मागे कॅमेऱ्याची तिपाई घेऊन लक्ष्मणराव. ते का गेले हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. फिरणाऱ्या काचेने तळातले गोटे दाखवले. “समुद्राचे गोटे मले कायले पाह्यजे?” म्हणून ती बाद झाली. पुऱ्या काळीने खडकांभोवतीच्या पाण्याचं दूध केलं. ती ठेवली. अर्ध्या काळीने मात्र पलीकडच्या झाडांचे शेंडे काजळी फासल्यासारखे काळे केले.

“हे काई बरोबर नाई वाटत, बाई,” लक्ष्मणराव चाचरत म्हणाले.

बाईंनी काच उतरवून पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांना सोयाबीन सोंगून, कापून नेलेल्या वावरात घेऊन गेल्या. झाड नाही, झुडूप नाही. जमीन संपते तिथे सरळ रेघ. काचेचा काळेपणा बरोबर त्या रेघेवर येऊन थांबला.

“समुद्र असाच असन, लक्ष्मणभाऊ. सोंगून मोकळा झालेला.”

दोघांपैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता. लक्ष्मणरावांनीही बसला नाव दिलं.

बस कोकणात पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. महादेवरावांनी बजावलं, “दिवस बुडाला की गाडी निघन. कोणासाठी थांबणार नाई जी.”

बाईंनी धामवर करतात तसंच केलं. पाण्याच्या काठाशी तिपाई रोवली, काचांची पिशवी मागे कोरड्यात ठेवली. धामचा काठ जिथे दिसतो तिथेच काम होईपर्यंत असतो. नदी पुढे जाते, माणसाच्या पिशवीसाठी माघारी येत नाही. बाई अर्धी काळी काच लावून रेघ जुळवत होत्या, तोच पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. लक्ष्मणरावांनी दोन्ही हातांनी तिपाई धरली. पिशवी गेली, आणि तिच्यात पुरी काळी काच.

फेसात हात घालून दोघांनी शोधलं. काही लागलं नाही.

“नदी असं करत नाई,” बाई समुद्राला म्हणाल्या.

तरी त्यांनी फोटो काढला. भरल्या उजेडात लाटा जागच्या जागी थिजलेल्या, हुबेहूब स्टुडिओतला पडदा. बाईंनी तो पुसून टाकला.

सूर्य बुडाला. हॉर्न वाजला. महादेवराव वाळू तुडवत आले. “झाला न फोटो?”

“नाई.”

“मी मोबाईलवर काढला हाये, तो घ्या.”

“तुमचा तुमच्यापाशी ठेवा. काळी काच गेली तं गेली. अंधार पडून राह्यला न, तो कोण नेते? जरा वाट पाहतो मी.”

“गाडी जाईन, बाई.”

“जाऊ द्या. मी एसटीनं येतो.”

लक्ष्मणरावांनी बाईंकडे पाहिलं, मग गाडीकडे. उभ्या नोकरीत त्यांनी कोणासाठी गाडी अडवली नव्हती. ते महादेवरावांच्या मागोमाग गाडीपाशी गेले. महादेवराव चढले. लक्ष्मणरावांनी एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा जमिनीवरच राहू दिला.

“चढा न जी.”

“चढतो.”

“दार लागत नाई तुमच्यानं.”

“माहीत हाये.”

महादेवराव बरंच बोलले. लक्ष्मणराव पायाकडे बघत उभे राहिले. आतल्या बायकांनी कंटाळून भजन धरलं, ते संपवलं, दुसरं धरलं. लांब पाण्याशी बाई दिसत होत्या, लुगड्याचा ओचा खोचून, कॅमेऱ्यावर वाकलेल्या. आभाळात अजून तांबडं होतं, पाणी काळवंडलं होतं. मग त्याही दिसेनाशा झाल्या.

आल्या त्या कमरेपर्यंत भिजून. लक्ष्मणरावांपुढे कॅमेरा धरला. वर आभाळाचं तांबडं जसंच्या तसं, खाली धूर, आणि धुरातून डोकं काढलेला एक खडक.

“चला,” बाई महादेवरावांना म्हणाल्या. “काऊन थांबले?”

घरी किशोरने फोटो बराच वेळ पाहिला. “माय, समुद्राची रेघ डावीकडे कलली. सरळ करून देतो, एका मिनिटाचं काम.”

“मी लाटेत उभी होतो. तू उभा राहून पाह्य सरळ.”

फोटो तसाच बैठकीत लागला. कॅमेऱ्याचं नाव किशोरने पुन्हा काढलं नाही. स्टुडिओतला पडदा अजून आहे.

उन्हाळ्यात बाईंना नागपूरच्या दवाखान्यात नेलं, त्या परत आल्या नाहीत. जायच्या आदल्या सकाळी त्या कुंपणाशी जुड्या बांधत बसल्या होत्या.

“लक्ष्मणभाऊ, पुढच्या बारीले पिशवी कुठं ठेवू?”

“गळ्यात.”

“गळ्यात कॅमेरा असते न.”

“मंग माह्या गळ्यात.”

“हं. सांबार नेजा, जास्त झाला हाये.”

“नेतो.”