आधी नमस्कार, मग लाथ

माझे वडील नागपुरात तालीम चालवायचे, त्यामुळे मी मातीत वाढले. लग्न झालं आणि नवऱ्याची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली. बिऱ्हाड मात्र पडलं बागबाजारात, म्हणजे कलकत्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कारण तिथे एका जुन्या मराठी कुटुंबाच्या घरात दोन खोल्या मिळाल्या होत्या. हे सकाळी ट्रामला लोंबकळत जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. फाळणी होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मला बंगाली येत नव्हतं, घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि गप्प बसणं माझ्या पिंडात नाही. महिनाभरात मी भिंतींशी भांडायला लागले असते.

गल्लीच्या तोंडाशी मुलींची एक शाळा होती. आमच्या घरमालकीणबाईंनी तिथल्या मुख्याध्यापिकेला माझ्या दंडांविषयी काहीतरी तिखटमीठ लावून सांगितलं असावं, कारण एक दिवस मला बोलावणं आलं. मुख्याध्यापिकेला तिथे बडदी म्हणतात, म्हणजे थोरली ताई, आणि शिक्षिकेला दिदिमणि. बडदी किडकिडीत होत्या, पण बोलणं रोखठोक. त्यांनी पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. शाळेचे सेक्रेटरी एक वयस्क वकील होते. मुलींनी उड्या मारण्यापेक्षा टाके घालावेत, असं त्यांचं मत. बडदींनी त्यांच्याशी वाद घालून ड्रिलचा तास हिवाळ्यापर्यंत मिळवला होता. हिवाळ्यात वार्षिक मेळावा असायचा. तिथे पालकांना काय दिसतं त्यावर ठरणार होतं, तास राहायचा की त्या जागी शिवण यायचं.

"मला माझ्या मुलींना एकदा धावताना बघायचंय," बडदी म्हणाल्या. "वर्गात वाकून बसतात, घरी गेल्या की चुलीपुढे वाकतात. सरळ कधी होणार?"

ही बाई मला तिथल्या तिथे आवडली. तिचा तास गेला तर तो माझ्या हातून जाता कामा नये, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सुरुवात मी केली ती जशी मला केली होती तशीच. डावा, उजवा, हात वर, हात खाली. शाळेच्या मागे एक चौकोनी अंगण होतं, त्यात मुली ओळीने उभ्या राहायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या. लेझीम मागवून घेतली, तर तिचा आवाज ऐकून शेजारच्या गच्चीवर बायका गोळा झाल्या. कुणाच्या घरी कसली मिरवणूक आहे, असं विचारू लागल्या. बागबाजार म्हणजे मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक जिथून सुरू व्हायचा तो भाग. दोनशे वर्षं उलटली तरी तिथल्या आया पोरांना बर्गी येईल म्हणून निजवत होत्या. बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार. मुलींनी माझं नाव पाडलं बर्गी दिदिमणि. त्यांना वाटलं मला राग येईल. मला तर जरा मूठभर मांसच चढलं.

ड्रिलमध्ये जीव येईना, तेव्हा मी हुतूतू काढला. हा खेळ त्यांना ठाऊक होता, भावांना खेळताना पाहिलेला होता, फक्त स्वतः खेळायला कुणी दिला नव्हता. अंगणात चुन्याची रेघ ओढली आणि मोठ्या मुलींना साड्यांचे पदर कमरेला करकचून खोचायला लावले. पहिल्या दिवशी त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, जिंकलं.

पण एक गोष्ट माझ्या हिशेबातच नव्हती. पाय लागला की नमस्कार, ही रीत आपल्याकडेही आहे. पण खेळात आपण ती बाजूला ठेवतो, ठेवतो हेही कुणाच्या लक्षात येत नाही. त्या मुली ठेवत नव्हत्या. एखादी दम भरून पलीकडे जायची, छान हूल द्यायची, पाय लांब करून समोरचीच्या पोटरीला लावायची. आणि मग परत पळायचं सोडून तिथेच वाकायची, तिच्या पायाला हात लावून तो कपाळाला न्यायची. समोरची वयाने मोठी असली तर ती म्हणणार "थाक, थाक," म्हणजे असू दे, आणि हिच्या हनुवटीला हात लावणार. एवढं होईपर्यंत दम कधीच सुटलेला, आणि बाकीच्या पोरी हिला मिठी मारून बसलेल्या. प्रत्येक चढाईचा शेवट असाच.

माझ्या नाकावर तेव्हा राग कायम बसलेला असायचा. "हा खेळ आहे की लग्नाचा मांडव?" मी ओरडले आणि फर्मान काढलं. शिट्टी झाल्यापासून पुन्हा शिट्टी होईपर्यंत कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही.

पुढच्या तासाला निम्म्या वर्गाचं पोट दुखत होतं.

त्यांत एक मुलगी होती, पूर्व बंगालातून आलेली, सगळ्यांत उंच. तिचा दम असा की ती परत आली तरी तोंडातले बोल थांबायचे नाहीत. तीच भिंतीला टेकून बसली होती. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की समोरच्या गड्यांमध्ये तिची पिशी आहे. पिशी म्हणजे आत्या, बापाची बहीण. आत्या वयाने भाचीपेक्षा वर्षभर लहान, दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या. घर, जमीन, माणसं, सगळं मागे टाकून आलेलं ते कुटुंब, पण नाती बरोबर आणली होती. भाची रोज सकाळी त्या एवढ्याशा आत्याच्या पाया पडून शाळेला निघायची. आत्याही पाय पुढे करून उभी राहायची, अगदी म्हातारीसारखी. तिला लाथ मारून नमस्कार न करता पळून यायचं, हे भाचीला जमणारं नव्हतंच. दोघींना एका बाजूला घ्यावं, तर वर्गात अशा जोड्या आणखी निघाल्या. कुणाची मामी, कुणाची काकी, कुणी गुरुजींची मुलगी.

गोष्ट घरी गेली. घरात आजी होती, आत्याची आई. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तिच्या दिराला, आणि तिथून पाराला वळसा घालून सेक्रेटरींपर्यंत पोचली तेव्हा तिचं रूप असं झालं होतं, की बर्गी दिदिमणि मुलींना वडीलधाऱ्यांना लाथा मारायला शिकवते. सेक्रेटरींनी बडदींना बोलावून सांगितलं, मेळाव्याची वाट कशाला बघायची? दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर शिवणाच्या बाई येतील.

बडदी मला एवढंच म्हणाल्या, "त्या आजीचं मन वळलं, तर मी आणखी एकदा बोलून बघेन."

रविवारी मी त्या आजीच्या घरी निघाले. आमचे हे पायरीवर दाढी करत बसले होते. म्हणाले, "अगं, बर्गी दारात उभा म्हटल्यावर ते दार उघडतील का?" मी चपला घातल्या आणि चालू पडले.

दार उघडलं. एका खोलीत सगळं घर मावलेलं होतं. आजी पांढऱ्या साडीत, हातात ओले कपडे टाकायची पितळी बादली, गंगेवर निघालेली. मला बसायला सांगून तिने सरळच विचारलं, "तुमच्या देशात थोरांना लाथा मारतात?"

"नाही," मी माझ्या मोडक्या बंगालीत म्हटलं. "पाय लागला तर आम्हीही पाया पडतो."

"मग?"

मी हातवारे करून खेळ समजावू लागले. ती म्हणाली, मला उशीर होतोय, बोलायचं असेल तर घाटापर्यंत चला. मी मुकाट्याने तिची बादली घेतली आणि मागून चालू लागले.

घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर आजी थांबली. वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोक्याला लावलं, पुटपुटली, आणि मग पाण्यात पाऊल टाकलं. मी विचारलं, हे कशाला? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्या रानातून आले होते.

"आईच्या अंगावर पाय द्यायचा, तर आधी विचारायला नको?"

मला वडिलांची तालीम आठवली. आत शिरण्याआधी ते आम्हाला लाल माती कपाळाला लावायला लावायचे. मग दिवसभर आम्ही त्याच मातीत धिंगाणा घालायचो, तिला तुडवायचो, तिच्यावर एकमेकींना आपटायचो, आणि कुणाला कधी पाप वाटलं नाही. माफी आधीच मागून झालेली असायची. नागपुरात असताना हे मी कधी शब्दांत मांडलं नव्हतं. सकाळी जमिनीवर पाय ठेवण्याआधी तिची क्षमा मागायची, तसंच ते. मला इतका आनंद झाला की मी चपलांसकट पाण्यात उतरले.

"आजी, मुलींनी खेळाच्या आधीच नमस्कार केला तर? जे पाय लागतील त्या सगळ्यांबद्दल?"

तिने बुडी मारली, वर आली, केस पिळले. मग म्हणाली, "मनापासून केला तर चालेल. आणि माझ्या धाकटीला सगळ्यांत आधी."

बडदींनी आपला शब्द पाळला. तास मेळाव्यापर्यंत वाचला.

पहिल्या दिवशी अर्धा तास नमस्कारातच गेला. प्रत्येक मुलगी प्रत्येकीच्या पाया पडतेय, मोठ्या हनुवट्या कुरवाळतायत, मी शिट्टी तोंडात धरून दात खातेय. मग मुलींनीच रीत आखडती घेतली. दोन्ही बाजूंनी समोरासमोर उभं राहायचं, वाकून जमिनीला हात लावून कपाळाला न्यायचा, आणि नात्याने थोर असेल तिचे पाय तेवढे वेगळे धरायचे. हे झालं की पोरी मोकळ्या सुटायच्या. असे पाय चालवायच्या की माझ्या वडिलांनी पाठ थोपटली असती. सवयीने पाय लागल्यावर हात कपाळाकडे जायचाच कधी कधी, पण त्याचा फायदाच झाला. पाय लागला की नाही यावर भांडायची सोयच राहिली नाही.

दम घुमवायला मी 'हुतूतू' हा बोल शिकवला होता. तोही एक दिवस गळून पडला. बागबाजारच्या मुली आपले बोल म्हणायच्या, पूर्व बंगालातून आलेल्या आपल्या गावचे. आधी एकमेकींच्या बोलांना हसल्या, नंतर एकमेकींचे चोरू लागल्या. मी नाद सोडला. दम तुटत नाही ना, एवढंच बघायचं. ज्या मुली वर्गात दोन कोपऱ्यांत बसायच्या त्या मधल्या सुट्टीत अंगणात एकत्र दिसू लागल्या.

मेळाव्याच्या दिवशी पुढच्या रांगेत पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे व्हरांड्यात. सेक्रेटरी मधोमध बसलेले, खांद्यावर शाल, धोतराच्या निऱ्यांचं टोक हातात. गाणं झालं, पाठांतर झालं, मग आम्ही. मुलींनी नमस्कार केला तेव्हा पालकांत बरं वाटल्याची कुजबुज झाली. भाची आत्याच्या पाया पडली, आत्याने 'थाक, थाक' म्हटलं, तेव्हा लोक हसलेही. सेक्रेटरी हसले नाहीत.

डाव रंगला. शेवटी एका बाजूला आत्या एकटी उरली, आणि चढाईला आली भाची.

आत्या मोठी चपळ होती. हाताला लागेना. भाची उजवीकडे, ती डावीकडे. हात पोचत नव्हता, पाय पोचला असता. मला दिसत होतं, भाचीचा पाय उचलला जातोय आणि परत टेकतोय. एवढे दिवस अंगणात तिने तो बिनधास्त मारला होता. पण तेव्हा गावाचे डोळे नव्हते. बोल बारीक होऊ लागले. बडदींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिचा दम तिथे सुटला असता तर पालकांना एकच दिसलं असतं, की आमचा नमस्कार नुसता देखावा होता आणि मुलींना मनातून हा खेळ पाप वाटतो.

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला, पूर्व बंगालच्या खणखणीत बोलीत. "अगं, मार की लाथ!"

आजी उभी राहिली होती. स्वतःच्या मुलीला लाथ मार, असं नातीला सांगत होती. भाचीचा पाय सटकन गेला, आत्याच्या गुडघ्याला लागला, आणि भाची रेघ ओलांडून आपल्या बाजूला येऊन पडली.

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे सेक्रेटरींकडे बघत होते. ते खुर्चीत मागे वळले आणि शांत आवाजात म्हणाले, "मा, तुमच्या नातीने चारचौघांत तुमच्या मुलीला लाथ मारली."

"तिने आधी विचारलं होतं," आजी म्हणाली. "आमचं घर गेलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं होतं?"

व्हरांड्यातल्या बायकांपैकी कुणीतरी हुंदका गिळला. तिथल्या निम्म्या बायका त्याच वाटेने आलेल्या होत्या. सेक्रेटरी शालीच्या किनारीशी चाळा करत बसले. मग बडदींकडे न बघता म्हणाले, "शिवणासाठी दुसरा तास शोधा."

मी रडले. लोकांसमोर रडायची मला चीड आहे, तरी रडले. शिट्टी वाजवायचंही भान राहिलं नाही.

अंगणात आत्या अजून आपल्या जागीच उभी होती. नाक फुगलेलं, गुडघ्याला चुना लागलेला. सेक्रेटरी काय म्हणाले, कुणाचा तास वाचला, यातलं तिच्या कानांवर काही गेलं नव्हतं. आपली सख्खी आई भाचीच्या बाजूने ओरडली, एवढंच तिला कळलं होतं.

"आणखी एक डाव!" ती ओरडली. "या वेळी चढाई माझी!"

मी डोळे पुसले आणि शिट्टी वाजवली.