गोधडीचं तोंड

शाळेत पोचल्या पोचल्या रोहिणी मॅडमनी प्रदर्शनाच्या टेबलावरची गोधडी उचलून पिशवीत कोंबली. प्रदर्शन कालच संपलं होतं. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या पाटीखाली मुलांची पुठ्ठ्याची पवनचक्की, बाटल्यांच्या कुंड्या आणि मधोमध ही बाळाच्या मापाची गोधडी, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. तो फिरत फिरत कुठे कुठे गेला होता.

त्या प्रदर्शनापायीच चूक झाली होती. मुख्याध्यापक म्हणाले होते, “अर्धवट वस्तू मांडू नका, मॅडम. कोपरा उघडा दिसतोय.”

तो कोपरा मुद्दामच उघडा होता. मॅडमच्या घरी, मखमलाबादला, बाळाच्या गोधडीचा शेवटचा कोपरा बाळ जन्मेपर्यंत शिवत नाहीत. त्याला तोंड म्हणतात. बाळाच्या पोटात दूध गेलं, की भाकरीचा तुकडा त्या तोंडात ठेवायचा आणि मग टाके घालायचे. आधी बाळ जेवतं, मग गोधडी. मॅडमनी रविवारी संध्याकाळी तुकडा ठेवला आणि तोंड शिवून टाकलं. विज्ञान शिकवणारा हात. तो जरासुद्धा अडखळला नाही.

सोमवारी चैतालीला, बाळंतपणाला माहेरी आलेल्या त्यांच्या मुलीला, दवाखान्यात दाखल करावं लागलं. आठवा महिना, रक्तदाब एकदम वाढलेला.

“रजा टाका ना,” शेजारच्या वर्गाच्या तृप्ती मॅडम म्हणाल्या.

“चाचणी चालू आहे. आणि मी तिथं बसून काय करणार? जावई आहेत.”

खरं म्हणजे तिथं नुसतं बसून राहायची त्यांना भीती वाटत होती.

सातवीच्या वर्गात पेपर वाटताना पहिल्या बाकावरच्या शुभांगीला पिशवीतून डोकावणारी गोधडी दिसली. “मॅडम, बाळ झालं?”

“अजून नाही.”

“मग शिवून कशाला टाकली? आमची आजी फोटो बघून म्हणाली, तुझ्या मॅडमला सांगणारं कुणी नाय का घरात?”

वर्ग हसला. मागच्याच आठवड्यात मॅडमनी याच फळ्यावर लिहिलं होतं : एकामागून एक घडलं म्हणजे पहिल्यामुळे दुसरं घडलं असं नसतं. मुलांनी ते वाक्य उतरवून घेतलं होतं.

“बस खाली. पेपर लिही,” त्या म्हणाल्या. आवाज चढला तो त्यांनाही जाणवला. नंतर त्यांनी अर्ध्या वर्गाला सहावीचाच पेपर वाटला. मुलं भलतीच खूश झाली.

शाळा सुटल्यावर पंचवटीत स्कूटी थांबवून त्यांनी सासूबाईंच्या गोळ्या घेतल्या, चैतालीसाठी पुढून उघडणारा गाऊन घेतला. दुकानदाराने माप विचारलं तर पटकन सांगता येईना. घरी पोचल्या तेव्हा सासूबाई, बायडाबाई, ओसरीवर उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“फोन आला?”

“सकाळसारखंच आहे म्हणाले.”

“उसवलं का?”

“आई, रक्तदाबाचा आणि सुईदोऱ्याचा काय संबंध?”

“मी कुठं म्हन्ते संबंध हाय? तुझ्या हातानं शिवलं, तुझ्या हातानं उसव. तुझी डिगरी उसवाया नाय लावत मी.”

“माझ्या वर्गातल्या पोरांना कळलं तर?”

“वर्ग हितं नाय बसला. हितं मी हाय आन् ही मेथी हाय.”

मॅडमनी गोधडी मांडीवर घेतली. कोपऱ्यातला तुकडा बोटांना लागत होता. दोन टाके तर ओढायचे. पण उसवलं, तर चैतालीचं दुखणं आपल्याच हातून आलं, हे कबूल केल्यासारखं होणार होतं. हात तिथेच राहिला.

तेवढ्यात जावयाचा, स्वराजचा, फोन आला. “मम्मी, लगेच या. बाळाचे ठोके कमी होतायत. आत्ताच ऑपरेशन करायचं म्हणतायत.”

गाऊनच्या पिशवीतच गोधडी टाकून त्या निघाल्या.

चैतालीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. पुण्यात कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी, प्रत्येक रिपोर्ट स्वतः वाचणारी मुलगी. तिने आईचं मनगट धरलं.

“आई, माझ्या सासूबाईंनी फोटो दाखवला. गोधडी पूर्ण शिवल्यासारखी दिसत होती.”

“कोपरा दुमडून ठेवला होता गं.”

“तोंड उघडं आहे ना?”

“उघडं आहे.”

स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं.

मॅडम बाकावर बसल्या, परत उठल्या. “सिस्टर, कात्री मिळेल का? एक धागा काढायचाय.”

मुलीशी बोललेलं खोटं तेवढं खरं करायचं, बाकी काही नाही, असं त्या स्वतःला सांगत होत्या. टाके बारीक होते, त्यांचेच. कोपरा उघडल्यावर वाळलेला तुकडा तळहातावर पडला. तो मुठीत धरून त्या दाराकडे बघत राहिल्या.

दिवे लागायच्या वेळेला सिस्टर बाहेर आली. मुलगी झाली होती. चैताली शुद्धीवर येत होती. रक्तदाब मात्र अजून उतरला नव्हता. बाळ फार लहान होतं, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवणार होते.

“हे पांघरायला देता येईल?”

“बाहेरचं कापड नाही चालत, आजी.”

आजी. मॅडमना तो शब्द पहिल्यांदाच कुणी लावत होतं.

मॅडम बाळाच्या खोलीच्या काचेबाहेर उभ्या असताना घरून बायडाबाईंचा फोन आला. मॅडमनी बातमी सांगितली.

“दूध पाजलं का तिला?”

“नाही अजून. नळीनं द्यावं लागेल म्हणतात. उद्या बघू म्हणाले.”

“मंग आत्ता टाका घालू नको.”

“नाही घालत, आई.”

“घाई करू नको.”

“नाही करत,” मॅडम म्हणाल्या, आणि काचेपलीकडे त्यांना इवलीशी छाती वर-खाली होताना दिसली. ती थांबली असं वाटून त्यांनी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. मग ती पुन्हा हलली.