हिरव्या लेबलाच्या पापलेटबद्दल लेखी उत्तर हवं

आज, मंगळवार ८ जुलै, सकाळी सव्वादहा वाजता धुळ्यातल्या आमच्या नेहमीच्या मासळीच्या दुकानात पापलेटचं पाकीट हातात घेतलं आणि पहिल्यांदाच त्यावरची तारीख वाचली.

पाकिटावर हिरवं लेबल होतं: 'समुद्राची काळजी घेऊन पकडलेला मासा, प्रमाणित'. खाली पकडल्याची तारीख २४ जून, पश्चिम किनारा. जूनमध्ये तर माशांच्या विणीसाठी आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते! मग हा मासा आणला कोणी?

दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, लेबलना रोल वेगळा येस. बठ्ठा पाकिटास्ले तोच लावतस."

"म्हणजे सगळ्याच पाकिटांना एकच लेबल? आणि आतला मासा कुठला, भाऊ?"

"ते मी कसं सांगू? लेबल वाचणाऱ्या तुम्हीच पहिल्या!" आणि हसला.

मला हसू आलं नाही. माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, सातवा महिना आहे. डॉक्टर म्हणाले होते, मासे द्या, पण कुठून आले ते बघून. मी ते लेबल बघून दोन आठवडे तिला आग्रहाने वाढलं. कॉन्व्हेंटात शिकले, छापलेलं खरं मानायची खोड तिथलीच. आता ती झोपली आहे आणि मी तिच्या पोटाकडे बघत बसले आहे.

तुमच्या फ्रीजमध्येही असं पाकीट आहे का?

दुकानदार, पुरवठादार आणि लेबल देणारी संस्था, तिघांनीही मासा कुठल्या पाण्यातला, कधीचा आणि कोणी तपासला, हे शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. शनिवारी डॉक्टर मला हेच विचारणार आहेत.